खोकेवाल्या काकू

काकू खोका हातात घेतला की आधी उलटा करायच्या. मग बोटाच्या पेराने तळावर दोनदा टकटक करून कान जवळ न्यायच्या. डोळे मिटलेले. बाजारात माठ घेताना बायका वाजवून बघतात ना, अगदी तसं. आपण समोर उभे असलो तर आपलाही श्वास नकळत अडकायचा. मग डोळे उघडून त्या निकाल द्यायच्या. "बोलतोय," म्हणाल्या की खोका पास. "मुका आहे गं," म्हणाल्या की त्याची रवानगी थेट रिसायकलिंगच्या डब्यात.

मीही एकदा कान लावून पाहिला. मला काहीच ऐकू आलं नाही. तसं सांगितलं तर म्हणाल्या, "येईल. अजून दोन-चार घरं बदललीस की येईल."

ही गोष्ट अमेरिकेतल्या बॉथेलची. आमचं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स उंच सीडरच्या झाडांत दडलेलं होतं. तिथे वर्षातले कितीतरी महिने पाऊस पडतो असंही धड म्हणता येत नाही, आणि थांबतो असंही नाही. पाणी हवेतच लोंबकळत असतं. सकाळी लॅपटॉप उघडून बसलं की समोरची बिल्डिंग अर्धीच दिसायची, वरचा मजला कुणीतरी खोडरबराने पुसल्यासारखा. त्या धुक्यात आधी चाकांची कुईकुई ऐकू यायची, मग एक बाबागाडी दिसायची आणि मग ती ढकलणाऱ्या काकू.

बाबागाडी नातवाची. नातू कधीच मिडल स्कूलमध्ये गेला होता, गाडी मात्र काकूंनी टाकू दिली नव्हती. त्यांना कार चालवता येत नव्हती, आणि खोके तर आणायचे असायचे. सलवार-कमीजवर मुलाचं जुनं रेनजॅकेट घालून त्या निघायच्या. ज्या कंपनीने त्याला केव्हाच घरी बसवलं होतं, तिचं नाव काकूंच्या पाठीवर मिरवत असायचं. खोके भिजू नयेत म्हणून गाडीवर बाथरूमचा जुना पडदा. एकदा एका अमेरिकन आजीबाईंनी कौतुकाने वाकून पडद्याआड पाहिलं. आत सफरचंदाचा खोका. आजीबाई सभ्य होत्या, गडबडून म्हणाल्या, "ब्युटिफुल." काकूंनी अभिमानाने मान हलवली आणि म्हणाल्या, "येस. व्हेरी स्ट्राँग."

तुम्ही परदेशात राहिला असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल, आपल्या लोकांचं तिथे घर बदलणं कधी संपत नाही. लीज संपलं, भाडं वाढलं, लेऑफ झाला, नवी नोकरी लागली, मुलासाठी बरी शाळा हवी झाली, की निघालेच. घर आवरायला घेतलं की पहिला प्रश्न खोक्यांचा. ते दुकानात विकत मिळतात, कोरे करकरीत. पण एकदा वापरून फेकायच्या पुठ्ठ्याला पैसे मोजायचे म्हणजे आपला जीव तुटतो. मग कुणीतरी सांगायचं, खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जा.

काकूंच्या लेखी खोक्यांतही कुळं होती. सफरचंदाचा खोका सगळ्यांत खानदानी. त्याला वेगळं झाकण, बाजूला हात घालायला भोकं. पुस्तकांना वाइनच्या दुकानातले लहान खोके, कारण मोठ्या खोक्यात पुस्तकं भरणारा माणूस तो उचलताना पस्तावतो. केळ्याच्या खोक्याशी मात्र त्यांचं उभं वैर होतं. त्याच्या तळाला ही मोठी खिडकी. एका नवख्या जोडप्याने त्यात चमचे, झारे, उलथनी भरली आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत जिनाभर स्वयंपाकघर सांडलं. काकूंनी ते सगळं वेचून दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "केळ्याचा होता ना?"

वाइनच्या खोक्यांवरून तिथल्या मराठी मंडळात थोडी कुजबुज झाली होती. एकादशी करणाऱ्या, कांदा खाल्ला तरी चातुर्मास टाळून खाणाऱ्या या बाई दर आठवड्याला दारूच्या दुकानात काय करतात, असा प्रश्न कुणाला तरी पडलाच. तिथला मालक त्यांना 'ममा' म्हणायचा आणि मागच्या दाराशी खोके रचून ठेवायचा. काकू त्याला दिवाळीत चकल्या न्यायच्या. "तो बाटल्या विकतो, मी पुठ्ठा नेते. पाप कुणाला लागणार असेल तर बाटलीला लागेल," असा त्यांचा हिशेब.

काकूंचा एक नियम होता. खोका कधी रिकामा द्यायच्या नाहीत. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, तसंच. जाहिरातीच्या कागदात मूठभर तांदूळ बांधून ती पुडी खोक्यात टाकायच्या. एकाला दहा खोके दिले तरी दहाही खोक्यांत पुडी. "रिकामं द्यायचं नसतं," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. दुसरा नियम, सामान लागलं की खोके पुढच्याला द्यायचे. तेच खोके कॉम्प्लेक्समध्ये फिरून फिरून परत यायचे, आणि त्यांच्यावर मार्करने लिहिलेल्या नावांचे थर चढत जायचे. 'किचन' खोडून 'खेळणी', ते खोडून 'बाबांची औषधं', त्याखाली कुणीतरी नुसतंच 'काहीबाही'.

त्या थरांमुळे एकदा मोठीच पंचाईत झाली. एकीच्या सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या. नव्या घरात त्यांनी देवांचा खोका शोधला, तर देव ज्यात निघाले त्यावर ठळक अक्षरांत 'शूज' लिहिलेलं. सुनेने नवीन नाव घालायचं विसरून देव त्यात भरले होते. सासूबाई अन्नपाणी सोडून बसल्या. शेवटी काकूंना बोलावणं गेलं. काकूंनी बाळकृष्णाला हातात घेतलं, ओढणीने पुसलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "नंदाघरी गाई-गुरांत वाढलेलं पोर आहे हे. त्याला जोड्यांचं काय घेऊन बसलात?" सासूबाई जेवल्या. पण काकूंनी त्या दिवसापासून मार्कर आपल्याच हातात घेतला. नावं त्याच घालायच्या, आणि जुनं नाव कधी गिरगटायच्या नाहीत, फक्त एक रेघ मारायच्या. आधी कोण राहून गेलं ते वाचता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं त्यांना कुठून सुचायचं? त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. दर काही वर्षांनी बदली. अंमळनेर, जिंतूर, सांगोला, वैजापूर. काका ऑर्डर घेऊन यायचे आणि घर उचलायच्या काकू. गोणपाट, लाकडी पेट्या, सुतळी. निघताना रिकाम्या ओट्यावर मूठभर तांदूळ ठेवायच्या, मागून येणाऱ्या बाईला घर अगदीच भुंडं वाटू नये म्हणून. काका गेले आणि एकुलता एक मुलगा, नितीन, त्यांना बॉथेलला घेऊन आला. आता त्याची बदली होवो न होवो, कॉम्प्लेक्समधल्या सगळ्यांच्या बदल्यांचं खातं काकूंकडे आलं होतं.

दुपारी माझी मीटिंग नसली की त्या चहाला वर यायच्या. नितीन आणि त्याची बायको ऑफिसात, नातू शाळेत, आणि बाहेर ते कापसासारखं धुकं. आम्ही खिडकीशी बसायचो. त्या बोलता बोलता बिल्डिंगमधली दारं मोजायच्या. समोरच्या जिन्यावर नागपूरचे होते, ते गेले. त्यांच्या वर ती भरतनाट्यमवाली होती, ती गेली. कोपऱ्यातल्या घरातली मुलगी त्यांच्याकडून मोदकाच्या कळ्या पाडायला शिकत होती, तिला अर्धवट शिकवून सोडावं लागलं. "मी खोका देते आणि एक दार बंद होतं," त्या एकदा म्हणाल्या. "हात आखडता घ्यावा म्हटलं तर लोकांची अडचण. आता मराठीत 'चहा टाकते' म्हणणारी तूच राहिलीस." मी हसण्यावारी नेलं. पण त्या काय म्हणत होत्या ते मला कळलं होतं.

त्या दिवसांत मला एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. आमची सगळी बिल्डिंग पुठ्ठ्याची झालीय, आणि धुक्यातून काकू येऊन प्रत्येक दारावर टकटक करतायत, कान लावून उभ्या आहेत. मी आतून ओ द्यायचा प्रयत्न करते, पण तोंडातून आवाज फुटत नाही.

आणि मग अमोलला, माझ्या नवऱ्याला, फ्रिस्कोची नोकरी लागली. टेक्सास. व्हिसा ट्रान्सफर झाला, जॉइनिंग ठरलं, ट्रक बुक झाला. मी खाली जाऊन काकूंना सांगितलं. त्या कणीक मळत होत्या. त्यांचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा मळायला लागले. "छान झालं," त्या म्हणाल्या. "तिकडे ऊन असतं म्हणे. खोक्यांची काळजी करू नकोस."

मी काळजी केली नाही. आठवडा गेला. खोके काही येईनात. विचारलं तर म्हणाल्या, "यंदा माल कमी आहे बघ." मग एक आणला, त्याला कांद्याचा वास. दुसरा आणला, तो माझ्यासमोरच वाजवून "मुका आहे" म्हणून परत नेला. तिसरा केळ्याचा! काकू, आणि केळ्याचा खोका! मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले. त्या दुसरीकडे पाहत होत्या.

अमोल वैतागला. "यार, हे काय चाललंय? स्टोअरमध्ये ढिगाने मिळतात. मी ऑफिसमधून येताना घेऊन येतो ना!"

"थांब," मी म्हटलं.

"अगं, ट्रक येऊन उभा राहील आणि आपण काय साड्यांची गाठोडी बांधणार आहोत?"

"बांधू. पण काकू देतील."

तो मला वेडी म्हणाला असेल, मी ऐकलं नाही. विकतचे खोके घरात आणणं म्हणजे काकूंच्या तोंडावर दार लावणं, एवढं मला दिसत होतं.

शेवटी मीच त्यांचा डबा परत द्यायचं निमित्त करून खाली गेले. डब्यात शिरा. दार उघडंच होतं. त्यांच्या घराला मागच्या बाजूला एक छोटी बाल्कनी आणि तिला लागून सामानाची अंधारी खोली. काकू त्या खोलीच्या दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या. आत जमिनीपासून छतापर्यंत खोके. सफरचंदाचे, वाइनचे, ऑफिसच्या कागदांचे, घड्या घालून, कुळाप्रमाणे रचलेले. दोन घरं मावतील एवढे. त्या एकेकावर हात फिरवत होत्या.

माझी चाहूल लागली तशा त्या वळल्या. बाहेर झाडांवरचं पाणी ठिबकत होतं.

"सगळे बोलके आहेत," काकू म्हणाल्या. "तुझ्यासाठीच ठेवले होते. आज देऊ, उद्या देऊ, असं करत होते. मला वाटलं, खोकेच नाहीत म्हटल्यावर कशी जाईल? म्हातारपणी अक्कल अशी जाते."

मी त्यांचा हात धरला. तो पुठ्ठ्यांनी खरखरीत झालेला होता.

"जन्मभर मी जाणारी होते गं," त्या म्हणाल्या. "ट्रकमध्ये पुढे बसायचं आणि हात हलवायचा. जिंतूरला एक देशपांडेबाई होत्या. आम्ही निघालो तेव्हा ट्रकमागे वळणापर्यंत चालत आल्या. मला तेव्हा हसू आलं होतं. म्हटलं, काय ही बाई, चालत कुठवर येणार? मागे राहणाऱ्याचं काय होतं, ते मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही."

मला रडू आलं. त्यांनाही. मग त्यांनीच डोळे पुसले आणि शिऱ्यात वेलदोडा कमी पडलाय म्हणाल्या.

त्या संध्याकाळपासून काकू आमच्या घरी तळ ठोकून बसल्या. काय आधी, काय नंतर, कुठे टॉवेल कोंबायचा, सगळं त्यांच्या हुकुमाने. अमोलही निमूट टेप लावत होता. निघायच्या सकाळी त्यांनी माझ्या तळहातावर दही घातलं. ट्रक वळणाला लागला तेव्हा मी मागे पाहिलं. बाबागाडी घेऊन त्या हळूहळू मागून चालत येत होत्या. गाडी रिकामी होती. मग धुकं मध्ये आलं.

फ्रिस्कोला ऊन होतं, इतकं की भिंतीसुद्धा डोळ्यांत खुपायच्या. प्रत्येक खोक्यातून पुडी निघाली. ते तांदूळ एकत्र करून मी पहिला भात लावला. कोलम, बासमती, आंबेमोहोर, जी मूठ हाताला लागली ती. काही दाणे शिजले, काही राहिले. आम्ही तो मीठ-तुपाशी खाल्ला.

पुढे नितीनचीही नोकरी बदलली आणि ते सगळे अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, श्रूजबरीला गेले. यावेळी कंपनीचेच पॅकर्स आले होते. काकूंचा फोन आला. "नवे कोरे खोके गं," त्या म्हणाल्या. "एकालाही कसला वास नाही, कुणाचं नाव नाही. दुपारपर्यंत घर उचललं त्यांनी. मला खुर्चीतून उठू दिलं नाही."

"आणि दही?" मी विचारलं.

"द्यायला होतं कोण तिथे? सून गाडीत बसली होती. मग मीच वाटीतलं घेतलं माझ्या हातावर आणि चाटलं."



श्रूजबरीत त्यांचं स्वतंत्र घर होतं. मोठं गराज, दोन्ही बाजूंना हिरवळ, आणि शेजार असा की मोठ्याने हाक मारली तरी पोचू नये. थंडीत बर्फ. बाबागाडी चालवायला फुटपाथच नाही. "इथे खोके आपणहून दारात येतात," त्या फोनवर सांगायच्या. "रोज काहीतरी डिलिव्हरी असते. पण न्यायला कुणी येत नाही." आवाज बारीक होत चालला होता. मी फोन ठेवला की बॉथेलचं ते धुकं पुन्हा माझ्या हॉलमध्ये येऊन बसायचं, टेक्सासच्या उन्हात.

मग एका दुपारी फोन वाजला आणि पलीकडे जुन्या काकू. "अगं मेधा, ऐकलंस का? नितीनला फ्रिस्कोची ऑफर आलीय. उन्हाळ्यात शाळा संपली की निघायचं. मी येतेय गं!"

मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले.

"पॅकर्स नकोत म्हणून सांगितलंय मी," त्या म्हणाल्या. "आतापासून जमवायला घेतलेत. सून गाडीतून नेते मला दुकानात. इथला वाइनवाला जरा शिष्ट आहे, पण येईल वळणावर. आणि हे बघ, निघायच्या दिवशी तू फोन कर. फोनवरून म्हण, 'काकू, दही घ्या.' म्हणजे कुणीतरी दिल्यासारखं होईल."

"मी म्हणेन. आणि इथे आलात की चहा टाकेन."

"टाक," त्या म्हणाल्या. पुढचे कितीतरी फोन मग याच आनंदात गेले. आमच्या घरापासून त्यांचं घर चालण्यासारखं आहे का, फुटपाथ आहे का, बाबागाडी आणू का. मी म्हटलं, आणा.

श्रूजबरीतलं बर्फ वितळायच्या आत काकू गेल्या. दुपारी पडल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. नितीनचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून आधी "मग दही?" असं काहीतरी निघालं. तो बिचारा "काय?" म्हणाला.

उन्हाळ्यात ते तिघं आले, ठरल्याप्रमाणे. मी पोळी-भाजीचा डबा घेऊन गेले. गराजमध्ये खोके रचलेले होते. मला एकेक ओळखीचा वाटला, जरी एकही ओळखीचा नव्हता. पुस्तकं वाइनच्या खोक्यात, केळ्याचा एकही नाही. नावं काही काकूंच्या हातची, काही सुनेच्या.

"आईने जमवलेलेच वापरले," नितीन म्हणाला. "दुसरे आणवेनात."

भिंतीशी एक सफरचंदाचा खोका वेगळा ठेवला होता. झाकणावर काकूंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'माझं'.

"हा तिने स्वतःसाठी काढला होता," नितीन म्हणाला. "महिनाभर वाजवून वाजवून निवडला. मला म्हणाली, याला कुणी हात लावायचा नाही, मी सावकाश भरेन. भरायचा राहिला. टाकवत नव्हता म्हणून तसाच आणला."

मी तो उचलला. हाताला अगदी हलका लागला. सवयीने उलटा करायला गेले, तर आत काहीतरी सरकलं. मी झाकण काढलं. श्रूजबरीहून फ्रिस्कोपर्यंत आलेल्या सगळ्या सामानात तो एकच खोका रिकामा होता. अगदी रिकामा नव्हे. तळाशी कागदाच्या पुडीत मूठभर तांदूळ होते.